दाट धुक्यात गाडी चालवताना

धुक्यात वेग ठरवायचा तो समोर किती दिसतंय त्यावरून. ताशी 60 किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या दीड सेकंदात 25 मीटर गेलेले असतात, ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी 35 लागतात. म्हणजे झाले 60. दिसतंय 50 मीटर आणि पुढे ट्रक बंद पडलाय, तर धडक ठरलेलीच. 40 च्या वेगाला हेच अंतर 32 मीटरच्या आसपास येतं.

मीटर डोळ्यांनी मोजता येत नाहीत, सेकंद मोजता येतात. कडेचा खांब दिसल्या क्षणी मोजायला लागा आणि तो मागे पडला की थांबा. पाच सेकंदही भरले नाहीत तर वेग कमी करा. हे दर थोड्या वेळाने करावं लागतं, कारण नदी, तळी आणि सखल भागात धुकं एकदम दाटतं. धुक्यात आजूबाजूचं काही सरकताना दिसत नाही, त्यामुळे वेग आहे त्यापेक्षा कमी वाटतो. नजर स्पीडोमीटरवर जात राहू द्या.

हाय बीम बंद. त्याचा प्रकाश थेंबांवरून उलटून डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. लो बीम आणि खाली बसवलेले फॉग लॅम्प लावा. ऑटो मोडवर विसंबू नका: दिवसा उजेड असल्यामुळे सेन्सर हेडलाइट लावेलच असं नाही, आणि बऱ्याच गाड्यांत डीआरएल (दिवसा आपोआप लागणारे पुढचे छोटे दिवे) चालू असताना मागचे दिवे बंदच असतात. मागचा लाल फॉग लॅम्प असेल तर लावा, पण धुकं विरळ झालं की बंद करा. चालत्या गाडीत हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणं, नको. ते चालू असताना वळायचा इंडिकेटर दिला तरी कुणाला कळत नाही.

अर्धं धुकं काचेवरच असतं. आतून वाफ धरली तर एसी चालू, हवा काचेवर, बाहेरची हवा आत. बाहेरून धरली तर वायपर, आणि काचेवरचा गारवा कमी करा. धुकं बरेच दिवस टिकलं की काजळी मिसळून काचेवर, दिव्यांवर चिकट थर बसतो. प्रत्येक थांब्यावर पुसा.

आपल्या बाजूची कडेची रेघ धरा. पुढच्याच्या लाल दिव्यामागे जाणं सोपं वाटतं, पण तो खड्ड्यात गेला तर तुम्हीही. अशा दिवसांत दुपारचे काही तासच बरे. पहाटेचा प्रवास टाळलेला बरा.

गाडी बंद पडली तर रस्त्यापासून जमेल तितकी दूर घ्या, हॅझर्ड लावा. सगळे वाहतुकीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरा आणि कठड्यापलीकडे, गाडीच्या मागे नव्हे, बाजूला लांब उभे राहा. इशाऱ्याचा लाल त्रिकोण ठेवायला डांबरावरून चालत जावं लागणार असेल तर तो राहू द्या.