रासायनिक समीकरण संतुलित करताना ऑक्सिजन शेवटी का घ्यावा?

समीकरण संतुलित करायला, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे करायला घेण्यापूर्वी त्यातील प्रत्येक रेणुसूत्र बरोबर आहे याची खात्री करून घ्यावी, कारण सूत्रच चुकले असेल तर पुढची सारी आकडेमोड वाया जाते. फळ्यावर हमखास दिसणारी चूक अशी, की उजवीकडे ऑक्सिजनचा एक अणू कमी पडतो आणि विद्यार्थी पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी हळूच २ लिहून मोकळा होतो. हिशेब जुळतो खरा, पण ते पाणी राहत नाही. जखम धुण्यासाठी वापरतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड होते. सूत्राच्या आतील अंक पदार्थाची ओळख ठरवतात, म्हणून त्यांना हात लावायचा नसतो. बदलायचा तो फक्त सूत्राआधीचा सहगुणक, म्हणजे रेणू किती ते सांगणारा अंक.

स्वयंपाकाच्या गॅसमधील ब्युटेनचे ज्वलन घेऊ. ब्युटेनच्या एका रेणूत कार्बनचे ४ व हायड्रोजनचे १० अणू असतात आणि त्याच्या पूर्ण ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते. समीकरणाखाली पेन्सिलीने तिन्ही मूलद्रव्यांचा छोटा तक्ता आखावा. प्रथम कार्बन पाहावा: उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे ४ रेणू हवेत. मग हायड्रोजन: पाण्याचे ५ रेणू हवेत. आता उजवीकडे ऑक्सिजनचे ८ अधिक ५, म्हणजे १३ अणू झाले, आणि इथेच वर्ग अडखळतो, कारण ऑक्सिजनच्या रेणूत अणू जोडीनेच येतात. साडेसहा रेणू लिहून पुढे जावे व शेवटी सगळ्याच सहगुणकांना २ ने गुणावे. ब्युटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८ आणि पाणी १०. दोन्ही बाजूंना कार्बन ८, हायड्रोजन २० आणि ऑक्सिजन २६ भरतात.

ऑक्सिजन शेवटी घेण्याचे कारण साधे आहे. डावीकडे तो मूलद्रव्याच्या रूपात एकटाच असल्यामुळे त्याचा सहगुणक बदलल्याने दुसऱ्या कोणाचाही हिशेब बिघडत नाही. मात्र सुरुवातच त्याच्यापासून केली, तर उजवीकडे तो दोन पदार्थांत वाटला गेलेला असल्याने पुन:पुन्हा खोडावे लागते.

सल्फेट किंवा नायट्रेटसारखा अणूंचा गट दोन्हीकडे अखंड राहत असेल, तर त्यातील अणू सुटे न मोजता तो संपूर्ण गट एक समजून मोजावा. वेळ बराच वाचतो.