सत्तर ग्रेनची गोळी आणि माझा वाया गेलेला हंगाम

रायफलच्या बॅरलमध्ये आतून पिळाच्या खाचा असतात, त्या गोळीला फिरवतात; १:९ म्हणजे नऊ इंचांत एक फेरा, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. जड गोळीला जलद पीळ लागतो, हेही कुठेतरी वाचलं असेलच. मीही वाचलं होतं. त्यातल्या ‘जड’ या एका शब्दानं माझा अख्खा हंगाम खाल्ला.

माझी रायफल .२२३ची, बॅरलवर १:९ कोरलेलं. शिशाच्या गाभ्याची ६९ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) मॅच बुलेट, म्हणजे स्पर्धेची गोळी, तिच्यातून सुरेख जायची. मग पूर्ण तांब्याची ७० ग्रेनची बुलेट वापरून बघायची हुक्की आली. रेंजवर एक जुने नेमबाज होते, आमच्यात त्यांचा शब्द प्रमाण. त्यांना विचारलं तर म्हणाले, “अगं, एकोणसत्तर चालते ना? मग सत्तरला काय धाड भरलीय?” एका ग्रेनचा तर फरक. मलाही पटलं.

उन्हाळ्यात ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, थोडा सैल आला. नवीन गोळी आहे, हात बसेल, असं म्हणून मी सोडून दिलं. भोकं किंचित लांबट दिसत होती, तिकडेही काणाडोळा केला. हिवाळ्यात एका सकाळी पारा २ अंशांवर होता आणि टार्गेटवर भोकांच्या जागी चिरा उमटल्या. गोळी आडवी होऊन कागदातून गेली की अशी खूण पडते, तिला कीहोल म्हणतात. दहातल्या चारच गोळ्या कागदावर होत्या, बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे.

मग मी काय काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. स्कोपचे माउंट काढून पुन्हा बसवले. बॅरलच्या आत साठलेलं तांबं घासघासून काढलं. मझलच्या, म्हणजे बॅरलच्या तोंडाच्या, कडेला ओरखडा आहे का ते भिंग लावून पाहिलं. शेवटी ट्रिगर ओढण्याच्या माझ्या पद्धतीवरच संशय घेतला आणि महिनाभर घरी ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या रायफलचा ट्रिगर ओढण्याचा सराव, करत बसले. दोन्ही गोळ्या शेजारी उभ्या करून बघाव्यात एवढं मात्र सुचलं नाही.

सुचलं तेव्हा कॅलिपर लावला. ६९ ग्रेनची लांबी ०.९० इंच, ७० ग्रेनची १.०३ इंच. शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, तांब्याची ८.९६. तेवढंच वजन तांब्यात बसवायचं तर गोळी लांब होणारच, कारण व्यास बॅरलनं ठरवून टाकलेला असतो. बॅरलला गोळीचं वजन कळत नाही, लांबी कळते. आपण वजन बोलतो कारण डब्यावर वजन छापलेलं असतं. सगळ्या गोळ्या शिशाच्या गाभ्याच्या आणि साधारण एकाच घडणीच्या होत्या, तोवर ‘जड म्हणजे लांब’ हा हिशेब चालून जायचा. तांब्याची गोळी, लांब निमुळतं टोक, बोटटेल (मागून निमुळता बूड) हे आलं की तो हिशेब कोलमडतो.

हे काही नवं ज्ञान नाही. ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांनी १८७९ साली दिलेल्या सूत्रात गोळीचं वजन येतच नाही: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले लांबी, झाला इंचांतला ट्विस्ट, म्हणजे पीळ. फक्त ते शिशाच्या गोळ्या धरून बांधलेलं आहे, म्हणून तांब्याला जसंच्या तसं लावू नका. आज बहुतेक कॅल्क्युलेटर डॉन मिलर यांचं सूत्र वापरतात. त्यात वजन येतं, पण कुठे ते नीट बघा. वर ३० गुणिले ग्रेनमधलं वजन. खाली चार गोष्टींचा गुणाकार: ट्विस्टचा वर्ग, व्यासाचा घन, लांबी, आणि (१ अधिक लांबीचा वर्ग). ट्विस्ट आणि लांबी इथे इंचांत नव्हे, गोळीच्या व्यासाच्या पटीत घ्यायची. व्यास मात्र इंचांतच. म्हणजे वजन वरच्या बाजूला आहे! लांबी तेवढीच ठेवून गोळी जड झाली तर ती अधिक स्थिर होते. आणि लांबी खाली जवळजवळ घनाच्या हिशेबानं भिनलेली आहे. माझ्या दोन गोळ्यांत लांबीचा फरक सुमारे १४ टक्के, पण लांबीमुळे खालचा आकडा जवळपास ४८ टक्क्यांनी फुगला.

उत्तर येतं तो स्थिरतेचा गुणांक. १च्या खाली गोळी कोलमडते. १.५ किंवा वर असेल तर निर्धास्त राहा. मधला पट्टा फसवा आहे: गोळी उडते, कागदावर लागते, पण डुलत जाते, हवेचा अडथळा जास्त खाते आणि लांबच्या अंतरावर अंदाजाच्या खाली पडते. दोरी ढिली गुंडाळलेला भोवरा कसा पडत नाही, पण घुमतही नाही धड, तसंच.

१:९ धरून ६९ ग्रेनला १.६६ आला, ७० ग्रेनला १.१४. हे आकडे सेकंदाला २८०० फूट वेग आणि १५ अंश तापमान धरून आहेत. माझा वेग २६००च्या आसपास होता. शिवाय पुढे क्लीनिंग रॉडनं मोजलं तेव्हा बॅरल १:९ नव्हतंच, सव्वानऊ निघालं. हे सगळं घालून ३५ अंशांना १.१२ येतो आणि २ अंशांना नेमका १.००. उन्हाळ्यात जेमतेम तगलेली गोळी हिवाळ्यात का लोळली, ते या दोन आकड्यांत आहे. थंड हवा दाट असते, दाट हवा गोळीला जास्त उलथवते. उंचावरच्या विरळ हवेत उलट होतं, तिथे काठावरची गोळीही सुतासारखी सरळ जाते आणि तुम्हाला खोटा विश्वास देते. एआर-१५ या अमेरिकन रायफलच्या सुरुवातीच्या बॅरलना १:१४ होता. कडाक्याच्या थंडीत ५५ ग्रेनची गोळी डळमळते असं चाचण्यांत दिसल्यावर तो १:१२ केला गेला. पुढे तिच्याच लष्करी वंशातल्या एम१६ए२ला १:७ आला तो ६२ ग्रेनच्या गोळीपेक्षा तिच्यासोबतच्या लांबलचक ट्रेसरसाठी (उडताना उजेडाची रेघ सोडणारी गोळी). तिथेही लांबीच!

म्हणून बॅरल स्वतः मोजा. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर. फिरत्या मुठीच्या रॉडवर घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) लावून आत घाला, रॉडवर खूण करा आणि हळू बाहेर ओढा. खूण पूर्ण एक फेरा फिरून वर आली की किती इंच आलात ते मोजा. तीन-चार वेळा करा, पहिलं माप मला नेहमी चुकीचं येतं. बॅरल आखूड असेल तर अर्धा फेरा मोजून दुप्पट करा.

वेग वाढवला की गोळी स्थिर होईल, हा सल्ला देणाऱ्यापासून चार हात लांब राहा. या सूत्रात वेगाचं घनमूळ लागतं: वेग १० टक्के वाढला तर स्थिरता ३ टक्के वाढते. त्यासाठी दाब वाढवायचा म्हणजे उंदराला पळवायला घर पेटवणं. स्वतः काडतुसं भरत असाल तर लांब गोळी केसमधली, म्हणजे काडतुसाच्या नळीतली, जागाही खाते, तेव्हा लोड डेटा (दारू किती भरायची ते आकडे) त्याच बुलेटचा घ्या, ‘त्याच वजनाच्या’ बुलेटचा नाही.

आणि ‘सरळ १:७ घ्या, कटकट नको’ म्हणणारे? ते अगदीच चूक नाहीत, हे कबूल करताना मला त्रास होतो. थोडा जादा पीळ थोड्या कमी पिळापेक्षा केव्हाही परवडला. पण १:७मधून ३२०० फुटांनी निघालेली गोळी मिनिटाला सुमारे ३,२९,००० फेरे घेते, १:१२मधून १,९२,०००. पातळ जॅकेटची (वरच्या धातूच्या कवचाची) हलकी गोळी त्या वेगात हवेतच फुटू शकते. वेग गुणिले ७२० भागिले ट्विस्ट, एवढंच गणित आहे. तुम्ही हलक्या गोळ्याच उडवणार असाल तर १:७ कशाला?

घाबरू नका, पिळाची चुकीची निवड भल्याभल्यांना बुडवून गेली आहे. १९५५ साली .२४४ रेमिंग्टन हे काडतूस १:१२ घेऊन आलं आणि त्याच वर्षी .२४३ विंचेस्टर १:१० घेऊन. लोकांना १०० ग्रेनच्या लांब गोळ्या हव्या होत्या, .२४४ मागे पडलं. कंपनीनं १९६३ साली तेच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन या नावानं १:९सह पुन्हा आणलं, तोवर बाजार गेला होता.

त्या जुन्या नेमबाजांवर माझा राग नाही. त्यांच्या काळच्या गोळ्यांना त्यांचं उत्तर बरोबर होतं. पण आता कुणी वजन विचारून लगेच ‘चालेल’ म्हणालं तर मी मनातल्या मनात ते उत्तर खोडते. लांबी किती, असं आधी विचारणारा भेटला तर त्याच्याजवळ बसा, मग तो तुमच्याहून दहा वर्षांनी लहान का असेना.

उरलेला डबा एका मैत्रिणीला दिला, तिचं बॅरल १:७. तिथे त्याच गोळीचा गुणांक १.८च्या वर जातो. तिच्या टार्गेटवर पाच भोकं एकमेकांना चिकटून होती, पाचही गोल.