हा तंबोरा बुवांचाच कशावरून? जुन्या वाद्याच्या मालकीचा दावा कसा तपासावा

जुना तंबोरा, सतार किंवा पेटी विकायला काढणारा माणूस बहुधा नुसते वाद्य विकत नाही, त्यासोबत एक हकिकतही विकतो. हा तंबोरा अब्दुल करीम खाँसाहेबांचा, ही पेटी गोविंदराव टेंब्यांच्या हातची, हा ऑर्गन गंधर्व नाटक मंडळीचा, असे त्या हकिकतीचे स्वरूप असते. वाद्याची किंमत तिच्यामुळे कैक पटींनी वाढू शकते, म्हणून वाद्याइतकीच हकिकतही तपासून घेतली पाहिजे. सांगणारा खोटारडाच असतो असे मुळीच नाही. पुष्कळदा तो स्वतः ऐकलेलेच प्रामाणिकपणे सांगत असतो, आणि तपासाच्या दृष्टीने हीच खरी अडचण असते.

पहिले काम म्हणजे दावा विक्रेत्याच्याच शब्दांत एका वाक्यात लिहून घेणे. कोणाचे वाद्य, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, त्यांच्याकडे कसे आले आणि त्यांच्याकडून कोणाकडे गेले, एवढे त्या वाक्यात आले पाहिजे. ते लिहिताना लक्षात येते की 'बुवांचा तंबोरा' या दोन शब्दांत निरनिराळे दावे दडलेले असू शकतात. वाद्य बुवांच्या मालकीचे होते, बुवांनी ते कधीतरी मैफलीत वापरले, बुवांच्या शिष्याकडे ते होते, किंवा बुवा ज्या घरी उतरत त्या घरचे ते होते, या चारही गोष्टी वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीला लागणारा पुरावाही वेगळा आहे. हिंदुस्थानी संगीतात हा घोळ विशेष होतो, कारण मैफलीतले तंबोरे अनेकदा यजमानांचे, संस्थेचे किंवा साथीला बसलेल्या शिष्यांचे असत. गवयाच्या मागे दिसणारा तंबोरा त्याचाच असेल असे गृहीत धरता येत नाही. नाटक कंपन्यांतील ऑर्गनचेही तसेच आहे. 1913 साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचा ऑर्गन ही कंपनीची मालमत्ता होती. त्याला 'बालगंधर्वांचा ऑर्गन' म्हणणे भावनेच्या दृष्टीने ठीक असले, तरी विक्रीच्या कागदावर ते चालणार नाही.

दुसरी पायरी सालांची बेरीज-वजाबाकी करण्याची आहे आणि ती घरबसल्या होते. विष्णु दिगंबर पलुस्कर 1931 मध्ये वारले, अब्दुल करीम खाँ ऑक्टोबर 1937 मध्ये, गोविंदराव टेंबे 1955 मध्ये आणि बालगंधर्व 1967 मध्ये. 'खाँसाहेबांनी 1940 च्या सुमारास आजोबांना बक्षीस दिला' ही हकिकत येथेच थांबते, किंवा निदान तिच्यातील साल चुकीचे ठरते. साल चुकले म्हणून लगेच सारे खोटे मानू नये, कारण घरगुती आठवणींत सालांची चूक नेहमीच होते. पण त्यानंतर त्या हकिकतीतील प्रत्येक तपशिलाला स्वतंत्र आधार मागावा. कुटुंबाचा इतिहासही येथे उपयोगी पडतो. ताराबाई माने 1922 च्या सुमारास मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या, त्यांची मुले सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर पुढे स्वतंत्रपणे नावारूपाला आली, आणि खाँसाहेबांचे वास्तव्य मिरजेत राहिले. म्हणून 'खाँसाहेबांच्या घरातून आलेले' असे कोणी म्हटले, की कोणत्या घरातून आणि कोणत्या काळात, हे विचारावेच लागते.

मालकीची साखळी जोडताना शेवटच्या मालकापासून मागे जावे. प्रत्येक हस्तांतरासाठी कोणी, कोणाला, केव्हा आणि का दिले हे लिहावे आणि जेथे उत्तर नाही तेथे रिकामी जागा ठेवावी. ती जागा अंदाजाने भरण्याचा मोह फार होतो, तो टाळावा. वृद्ध शिष्य किंवा नातेवाईक यांना भेटताना दावा आधी सांगू नये. 'हा तंबोरा बुवांचाच ना?' असे विचारले तर आदराने होकारच मिळतो. त्याऐवजी 'बुवांकडे किती तंबोरे होते, कोणत्या कारागिराचे होते, कशात गुंडाळून ठेवत, नंतर ते कोणाकडे गेले?' असे विचारावे, उत्तरे लिहून घ्यावीत आणि मगच छायाचित्र पुढे ठेवावे. तेही एकट्या तंबोऱ्याचे न ठेवता त्याच काळातील दोन-तीन तंबोऱ्यांच्या छायाचित्रांत मिसळून ठेवावे.

कागदपत्रे असतील तर उत्तमच, पण कागदालाही वय असते. मिरजेच्या एखाद्या दुकानाची 1900 च्या आसपासची पावती मोडी लिपीत असण्याची शक्यता बरीच असते. ती वाचता येत नाही म्हणून बाजूला सारू नये. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांच्या परिसरात मोडी जाणणारी माणसे भेटतात. पावतीवर रुपये, आणे आणि पै असतील तर ते 1957 पूर्वीच्या व्यवहाराशी जुळते, नये पैसे असतील तर जुळत नाही. पत्त्यात पिनकोड असेल तर तो कागद 15 ऑगस्ट 1972 नंतरचा आहे, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. 'महाराष्ट्र राज्य' असा शिक्का असेल तर तो 1 मे 1960 नंतरचा. पेटीच्या आत किंवा तंबोऱ्याच्या भोपळ्यावर सही असेल तर ती कशाने केली आहे हे भिंगातून पाहावे. बॉलपेन बाजारात आले ते 1940 च्या दशकात, तेव्हा 1931 साली वारलेल्या माणसाची बॉलपेनने केलेली सही तपासायला तज्ज्ञ लागत नाही. सही पॉलिशच्या थराखाली आहे की थरावर, हेही पाहावे. थरावर असेल तर ती शेवटच्या पॉलिशनंतरची आहे.

आता प्रत्यक्ष वाद्याकडे वळू. त्याआधी एक कळकळीची सूचना अशी की तपास पुरा होईपर्यंत वाद्य पुसू नये, पॉलिश करू नये, नव्या तारा चढवू नयेत आणि जवारीही काढू नये (म्हणजे तारांचा झंकार खुलवण्यासाठी त्या जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासू नये). उत्साही मालकांनी तपासाआधीच वाद्य 'नवेकोरे' करून घेतल्याने जेवढा पुरावा नष्ट होतो, तेवढा वाळवीनेही होत नसेल.

मिरजेत तंतुवाद्ये घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब हे तिचे आद्य कारागीर मानले जातात, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांवर कारखान्याचा अनुक्रमांक नसतो. येथेच आपली वाट पाश्चात्त्य संग्राहकांच्या वाटेपासून वेगळी होते. जॉन लेननने 1962 मध्ये लिव्हरपूलच्या दुकानातून घेतलेली आणि पुढे हरवलेली गिब्सन गिटार अनेक वर्षांनी सापडली, तेव्हा तिच्यावरील अनुक्रमांक खरेदीच्या नोंदीशी ताडता आला, आणि 2015 च्या लिलावात ती 24 लाख डॉलरांच्या पुढे गेली. तंबोऱ्याच्या बाबतीत असा क्रमांक शोधण्यात अर्थ नाही. ओळख पटवायची ती लाकूड, भोपळा आणि नक्षी यांवरूनच.

तरीही लाकडाच्या रेषांवरून ओळख पटवण्याची पद्धत आपल्याला पाश्चात्त्यांकडून जशीच्या तशी घेता येते. बॉब डिलनने 1965 च्या न्यूपोर्ट महोत्सवात वाजवलेली स्ट्रॅटोकास्टर गिटार एका वैमानिकाच्या घरी वर्षानुवर्षे पडून होती. 2012 मध्ये तिच्या लाकडाच्या रेषा त्या दिवसाच्या रंगीत छायाचित्रांशी जुळवून दाखवण्यात आल्या. मूळ गिटार आपल्याकडेच असल्याचे डिलनच्या वकिलांचे म्हणणे होते, तरी पुढे समझोता होऊन 2013 मध्ये ती 9 लाख 65 हजार डॉलरांना विकली गेली. कलावंताची किंवा त्याच्या प्रतिनिधीची साक्षसुद्धा लाकडाशी ताडून पाहावी लागते, हे या प्रकरणातून घेण्यासारखे आहे.

छायाचित्र जुळवताना शक्य तितकी मोठी आणि मूळ प्रतीवरून काढलेली प्रत मिळवावी. छापील पुस्तकातल्या ठिपक्यांच्या चित्रात लाकडाच्या रेषा दिसत नाहीत. नंतर वाद्याचे छायाचित्र अगदी त्याच कोनातून काढावे. जुळवायच्या खुणा अशा निवडाव्यात ज्या कारागिरालाही पुन्हा तशाच करता येणार नाहीत: तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाच्या, लाकडातील रेषांचे वळण, भोपळ्याचा एका बाजूला आलेला फुगवटा, सेल्युलॉइडच्या नक्षीतील एखादे वाकडे पान, जुन्या तड्याची सांधणी. एकाच कारागिराच्या दोन तंबोऱ्यांवर नक्षी सारखीच असते, म्हणून 'नक्षी जुळते' हे पुरेसे नाही. नक्षीतली चूक जुळली पाहिजे. खुंट्या, मणी, घोडी आणि तारा यांवर काहीच अवलंबून ठेवू नये, कारण त्या बदलत राहतात. तबली आणि भोपळासुद्धा बदललेला असू शकतो. तसे असेल तर दांडीवर लक्ष द्यावे. छायाचित्र निगेटिव्ह उलटी धरून छापलेले नाही ना, हे अंगरख्याच्या गुंड्यांवरून आणि खुंट्यांच्या बाजूवरून पाहावे. स्टुडिओतील चित्र असेल तर अधिक सावध राहावे, कारण तेथे सजावटीसाठी ठेवलेले वाद्य हाती देऊन चित्र काढण्याची आणि नंतर निगेटिव्हवर ब्रशने हात फिरवण्याची रीत होती.

सतारीच्या बाबतीत वाद्याची घडणही बोलते. रविशंकरांच्या सतारीला खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांच्या, तारा आणि बहुधा वरचा दुसरा भोपळा असे, तर विलायत खाँसाहेबांच्या शैलीत खर्जाच्या तारा काढून गांधार-पंचमाची जुळणी आली आणि वरचा भोपळा गेला. मात्र कलावंतांच्या आवडी वयानुसार बदलतात आणि सतारीचे रूप नंतरही पालटता येते, म्हणून घडणीचा उपयोग दावा खोडण्यासाठी अधिक आणि सिद्ध करण्यासाठी कमी होतो. भक्कम दाव्याचे उदाहरण पाहायचे तर ब्रिटिश म्युझियममधील रविशंकरांच्या सतारीचे पाहावे. कोलकात्याच्या नोडू मल्लिक यांनी 1961 मध्ये घडवलेली ती सतार 2017 मध्ये थेट कुटुंबाकडून संग्रहालयाकडे आली, त्यामुळे साखळीत मध्ये कोणी आलेच नाही.

पेटीत पाहण्यासारखे आणखी पुष्कळ असते. पॅरिसच्या कासरिएल किंवा कोलकात्याच्या द्वारकिन या पेटी बनवणाऱ्यांच्या नावाची पट्टी दिसली की मन हरखते, पण पट्टी काढून दुसऱ्या पेटीवर लावता येते. तिच्या खालच्या लाकडाचा रंग आणि स्क्रूची जुनी भोके पाहावीत. फुलीच्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकात आले, त्यामुळे 1910 च्या म्हणवणाऱ्या पेटीत ते असतील तर निदान दुरुस्ती झाली आहे. सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या धातूच्या पट्ट्या, परदेशी आहेत की गुजरातेतील पालिताण्याचे, भात्याचे कापड आणि चामडे कोणत्या काळचे, आतल्या लाकडावर दुरुस्ती करणाऱ्याने पेन्सिलने तारीख टाकली आहे का, हे पाहण्यासाठी अनुभवी कारागिराकडून पेटी उघडून घ्यावी. सांध्यात जुना सरस (प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासूनचा डिंक) आहे की पांढरा गोंद, हाही प्रश्न त्यालाच विचारावा. सरस ऊन पाण्याने मऊ होतो. फेव्हिकॉल 1959 चा. अतिनील दिव्याखाली लाखेचे पॉलिश नारिंगी झाक देते, आधुनिक लॅकर तशी देत नाही. एवढ्याने पेटी प्रसिद्ध माणसाची ठरत नाही, फक्त तिचे वय पटते.

तंबोऱ्याच्या वयासाठी एक चाचणी विशेष उपयोगी आहे, पण ती कोणी फारशी सुचवत नाही. झाड शंभर वर्षे उभे राहू शकते, त्यामुळे लाकडाचे कार्बन-मापन वाद्य केव्हा घडले हे सांगत नाही. भोपळा मात्र एका हंगामात वाढतो. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला आणि तेव्हापासूनच्या वनस्पतींत तो आढळतो. म्हणून भोपळ्याच्या आतून खरवडलेल्या कणभर नमुन्यात तो वाढीव कार्बन सापडला, तर तो भोपळा 1937 मध्ये वारलेल्या गवयाच्या हाती असणे शक्य नाही. सापडला नाही, तर भोपळा त्याआधीचा इतकेच कळते, कारण 1650 ते 1950 दरम्यानचे नेमके साल या पद्धतीने काढता येत नाही. दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रात आणि अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेत असे मापन होते. साध्या खरेदीसाठी हा खर्च करू नये. रक्कम मोठी असेल तेव्हाच विचार करावा.

कायद्याच्या दोन बाबी सौद्याआधीच पाहाव्यात. शंभर वर्षांहून जुने वाद्य 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशस्थ मराठी खरेदीदारांनी हे आधीच जाणून घ्यावे. जुन्या घोड्या आणि नक्षी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असते. हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, आणि सांबरशिंगाबाबत वनखात्याकडे विचारल्याशिवाय व्यवहार करू नये.

शेवटी निष्कर्ष लिहिताना प्रत्येक दाव्यापुढे त्याचा आधार लिहावा. 'भोपळा आणि दांडी 1930 पूर्वीची वाटतात. अमुक छायाचित्रातील तंबोऱ्याशी तबलीच्या रेषा जुळतात. तो तंबोरा गायकाच्या मालकीचा असल्याचा लेखी पुरावा नाही. 1937 ते 1962 या काळातील मालक अज्ञात' असे लिहिलेले टिपण 'प्रमाणपत्र' या मथळ्याखालच्या गोड वाक्यांपेक्षा पुढच्या खरेदीदाराच्या जास्त कामी येते. किंमत ठरवताना आधी वाद्याची स्वतःची किंमत काढावी, म्हणजे तंबोरा चांगला बोलतो की नाही यावरून, आणि हकिकतीसाठी वेगळी रक्कम द्यायचीच असेल तर तिचा आकडा पावतीवर स्वतंत्र लिहून घ्यावा. विक्रेता दावा तोंडी करतो पण पावतीवर लिहून द्यायला तयार नसेल, तर त्या दुसऱ्या आकड्याच्या जागी शून्य लिहावे.