सर्पदंशाच्या केसपेपरांवर प्रबंध करताय? आधी रेकॉर्ड रूममध्ये बसा

"गेल्या पाच वर्षांतले सगळे स्नेकबाईट काढून द्या" असं रेकॉर्ड विभागात सांगितलंत, तर चहा येईपर्यंत एक्सेल हातात पडेल. टी६३.० हा कोड (आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला सापाच्या विषाचा) टाकायचा, तारखा टाकायच्या, झालं. त्या एक्सेलवर लगेच टेबलं करायला बसू नका, हे सांगायला हा लेख. मी कोकणातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मेडिकल रेकॉर्ड ऑफिसर होतो. आता निवृत्त आहे, पण प्रबंधवाल्या रेसिडेंटांचे फोन अजून येतात.

त्या एक्सेलमधला एकही रकाना संशोधनासाठी भरलेला नसतो. कुठला बिलासाठी, कुठला पोलिसांसाठी, कुठला महिन्याच्या सरकारी अहवालासाठी. तेव्हा प्रत्येक रकान्यापुढे आधी विचारा: हा कुणी भरला, केव्हा भरला, कशासाठी भरला?

कोड कसा पडतो ते बघायला एक दिवस कोडिंग करणाऱ्या क्लार्कच्या शेजारी बसा. तो केसपेपरच्या पहिल्या पानावरचं अंतिम निदान वाचतो. आतली पानं सहसा उघडत नाही, कारण टेबलावर गठ्ठा पडलेला असतो. आणि ते पहिलं पान डिस्चार्जच्या घाईत इंटर्नने लिहिलेलं असतं. त्याने 'अननोन बाईट' लिहिलं की कोड पडतो टी६३.९, म्हणजे कुठला विषारी प्राणी ते माहीत नाही, मग आत सिस्टरांच्या नोंदीत अँटीस्नेक व्हेनमच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) वीस वायल दिल्याचं स्वच्छ अक्षरात असलं तरी. उलट, धामण चावलेल्या आणि एक रात्र नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या माणसालाही टी६३.० मिळून जातो. बिनविषारी साप चावला त्याची जागा खरं तर डब्ल्यू५९ मध्ये.

याहून अवघड असतात ते यादीत अजिबात न सापडणारे रुग्ण. घोणस चावली, तालुक्याला पहिला डोस झाला, तिसऱ्या दिवशी लघवी बंद पडली म्हणून डायलिसिससाठी तुमच्याकडे पाठवला, तर पहिल्या पानावर 'ॲक्यूट किडनी फेल्युअर' येतं आणि कोड एन१७. हात सुजून शस्त्रक्रिया विभागात गेलेला एल०३ म्हणजे सेल्युलायटिसमध्ये (त्वचेखालच्या जंतुसंसर्गात) बसतो. मण्यारीचं तर विचारूच नका. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, दाताची खूण दिसत नाही, पापण्या खाली येतात. कुणाला साप सुचलाच नाही तर पहिल्या पानावर जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा लुळेपणा आणणारा आजार) लागलेलं असू शकतं. विमा योजनेच्या यादीतूनही हे सापडतील असं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत (२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली तीच) दावा पॅकेजवर होतो. डायलिसिसचं पॅकेज लागलं तर डायलिसिस का लागलं, हे दाव्याच्या यादीतून कळेलच असं नाही.

म्हणून एकाही केसपेपरला हात लावण्याआधी कागदावर लिहून काढा: मी सर्पदंश कशाला म्हणणार? साप पाहिला किंवा दाताच्या खुणा आहेत, किंवा वीस मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठलं नाही, किंवा पापण्या उतरल्या आणि अँटीस्नेक व्हेनम दिल्यावर सुधारणा झाली, असं काहीतरी नेमकं. गाइडची सही घ्या. पेपर बघत बघत व्याख्या बदलायचा मोह सगळ्यांनाच होतो.

मग चार रजिस्टरं मागा: कॅज्युअल्टीचं, एमएलसीचं (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसेसचं), औषध भांडारातलं अँटीस्नेक व्हेनमच्या वायलचं आणि डायलिसिसचं. माझा सगळ्यात जास्त विश्वास वायलच्या रजिस्टरवर, कारण हिशेब जुळला नाही तर फार्मासिस्टच्या मानेवर बसतं. तरी परत आलेल्या वायल वजा केल्यात का, ते विचारा. आणि विष न भिनलेल्या दंशाला वायल लागतच नाही, तो रुग्ण तिथे दिसणार नाही.

आता तपासणी. कोड पडलेले सगळे पेपर किंवा त्यांतला चिठ्ठ्या टाकून काढलेला नमुना घ्या. दोघांनी वेगवेगळे वाचा, वाचणाऱ्याला कोड दिसता कामा नये. दोघांचं किती जुळतं ते 'कप्पा' (दोघांची मतं योगायोगापलीकडे किती जुळतात ते सांगणारा सांख्यिकी आकडा) काढून बघा, न जुळलेले पेपर तिसऱ्याकडे द्या. समजा, कोडच्या २०० पेपरांत तुमच्या व्याख्येत बसणारे १७० निघाले: कोडवर ८५ टक्के विश्वास ठेवता येतो. बहुतेक जण इथेच थांबतात. पण बाकीच्या रजिस्टरांतून आणखी ५० खरे रुग्ण सापडले, तर एकूण २२० पैकी कोडने पकडले १७०, म्हणजे ७७ टक्के. तेही जास्तीत जास्त, कारण सगळ्याच रजिस्टरांतून निसटलेला रुग्ण या हिशेबात नाही. गंमत बघा, कोडचा आकडा २०० आणि खरा २२०, वरवर जवळजवळ सारखाच! पण त्या २०० मधले ३० भलतेच आणि सुटलेल्या ५० मध्ये किडनी गेलेले जास्त. त्यामुळे 'आमच्याकडे सर्पदंशात किडनीचा त्रास कमी' असा चुकीचा निष्कर्ष छापून जातो.

न सापडलेले पेपर गुपचूप वगळू नका. एमएलसीचे आणि मृत्यूचे पेपर बऱ्याच ठिकाणी वेगळ्या कपाटात कुलपात असतात, काही कोर्टात गेलेले असतात. म्हणजे गहाळ पेपरांत गंभीर रुग्णच जास्त. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते शोधा, रीतसर अर्ज करा.

मृत्यूंचं वेगळंच. मृतावस्थेत आणलेला माणूस आंतररुग्ण नोंदीत येतच नाही, तो एमएलसी आणि शवविच्छेदनाच्या कागदांत असतो. फॉर्म ४ वर (मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर) नुसतं 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिलं असेल तर साप गायब. शेतकरी कुटुंबात मात्र सर्पदंशाने मृत्यू झाल्यास २ लाखांचं सानुग्रह अनुदान मिळतं, त्यामुळे तिथे वारस कारण नीट लिहून घेतात. शेतमजुराच्या घरच्यांना तशी गरज नसते, हा फरक तुमच्या टेबलात 'व्यवसाय' म्हणून उगवेल. देशपातळीवर घरोघरी चौकशी करून केलेल्या अभ्यासाचा अंदाज २००० ते २०१९ मध्ये सुमारे १२ लाख सर्पदंश-मृत्यू असा आहे, आणि त्यातले बहुतेक रुग्णालयाबाहेरचे. तुमच्या रजिस्टरावरून जिल्ह्याचा मृत्युदर काढू नका.

बाकी रकान्यांबद्दल थोडक्यात. वय ३०, ३५, ४० वर गर्दी करतं, नातेवाईक अंदाजे सांगतात. दाखल होण्याची वेळ म्हणजे काउंटरवर नोंद झाल्याची वेळ. सर्व्हर बंद असेल तर दोन तास नंतरचीही असते. दंश ते पहिला डोस हा काळ काढायचा तर सिस्टरांच्या नोंदी वाचा. व्यवसायात भात लावणारी बाई 'गृहिणी' असते. पत्ता कधी सोबत आलेल्या भाच्याचा असतो. कॅज्युअल्टीतून आयसीयूत गेलेल्याला दोन नंबर पडलेत का, तेही बघा.

आलेखात अचानक उडी दिसली तर साप वाढले म्हणण्याआधी फॉर्म बदलला का, सॉफ्टवेअर बदललं का, ते विचारा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंश नोंदणीयोग्य (प्रत्येक केस सरकारला कळवणं बंधनकारक) करायला सांगितलं. त्यानंतरची वाढ नोंदीची असू शकते.

जुने पेपर असले तरी नैतिकता समितीची परवानगी लागते. संमतीतून सूट मागता येते, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे. नावं आणि आयपीडी (आंतररुग्ण) नंबर वेगळ्या कुलूपबंद फाइलमध्ये ठेवा. लिहिताना 'रेकॉर्ड' (RECORD) नावाची, अशा आयत्या नोंदींवरच्या अभ्यासांसाठीची २०१५ ची तपासयादी जवळ ठेवा. कुठले कोड वापरले, किती पेपर मिळाले नाहीत, पडताळणी कशी केली, हे सगळं ती विचारते. मूळ एक्सेलला हात लावू नका, प्रतीवर काम करा, आणि कुठला पेपर का काढला ते तारखेसह एका वहीत लिहीत जा. तोंडी परीक्षेत २०० चे १७० कसे झाले हे विचारतातच.