डेटाबेस निवडताय? आधी भाषा बघा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचा हिशेब बसवायचा असो की विश्रामबागेत फायनल इयरचा प्रोजेक्ट, पोरं आधी डेटाबेसवरून वाद घालतात. प्रत्यक्षात प्रोग्रॅमिंगची भाषा आधी ठरते, डेटाबेस तिच्या मागून येतो. मायएसक्यूएल हा डेटाबेस पीएचपी या भाषेचं बोट धरून घरोघरी गेला. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड आणि मोंगोडीबी हा डेटाबेस, दोन्ही २००९चे. जेसन, म्हणजे जावास्क्रिप्टच्या धर्तीवर माहिती लिहायची पद्धत, दोघांनाही सोयीचं, जोडी जमली. फॉक्सप्रोत तर भाषा आणि डेटाबेस एकच. पुढची मोठी आवृत्ती येणार नाही, हे मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्ये सांगितलं. त्याच्या डीबीएफ फायली आजही उघडतात, पण नवा माणूस तिकडे कशाला फिरकेल? पोस्टग्रेस या डेटाबेसनं २०१४ मध्ये ९.४ आवृत्तीत जेसनबी, म्हणजे जेसन साठवायचा खास प्रकार, आणला आणि जावास्क्रिप्टवाल्यांना दार उघडलं.

आता खरा खड्डा. भाषा बदलली की कनेक्शन, म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटाबेसमधली जोडणी, वापरायची रीत बदलते. साधं पीएचपी दर रिक्वेस्टला कनेक्शन उघडतं आणि काम झालं की सोडतं. मायएसक्यूएल त्यासाठी चालू प्रोग्रॅममधलाच एक हलका धागा, म्हणजे थ्रेड देतं, ते स्वस्त पडतं. पोस्टग्रेस दर कनेक्शनला अख्खी प्रोसेस, म्हणजे वेगळा चालता प्रोग्रॅम, उभी करतं. तिथं कनेक्शनची मर्यादा मुळात १००, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव. हातात उरतात ९७. नोडला पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या पीजी ड्रायव्हरचा पूल, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा, मुळात १०चा, पण तो नोडच्या दर प्रोसेसला वेगळा, हे नीट लक्षात घ्या. आठ कोरच्या सर्व्हरवर आठ प्रोसेस म्हणजे गर्दीत ८० कनेक्शन. चालतंय असं वाटतं. मग आपल्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती चढवताना जुन्या आठ आणि नव्या आठ थोडा वेळ एकत्र चालतात. १६० झाले, की ‘टू मेनी क्लायंट्स’ ही एरर आलीच. गो या भाषेत तर तुम्ही घातली नाही तर पूलला मर्यादाच नसते. लोक मात्र डेटाबेसला नावं ठेवून निघून जातात.

पोस्टग्रेसची मर्यादा १००० करून टाका, असं सांगणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. मेमरी खाल्ली जाते, दुखणं तसंच राहतं. घाबरायचंही कारण नाही, गुणाकारच आहे: सर्व्हर गुणिले प्रोसेस गुणिले पूल, आणि आवृत्ती चढवतानाची दुप्पट. आकडा ९७ च्या वर जात असेल तर पूल ५ वर आणा किंवा मध्ये पीजीबाउन्सर बसवा, तो थोड्या कनेक्शनवर अनेकांचं काम भागवतो. पोस्टग्रेसमधली चालू कनेक्शनची यादी, ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’, उघडून बघा. गर्दीच्या वेळीही ‘आयडल’, म्हणजे रिकाम्या बसलेल्या, ओळींचीच रांग दिसली तर पूल गरजेपेक्षा मोठा आहे.