गावची शाळा आज्यांसाठी पण उघडायची असेल तर

मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात २०१६ च्या ८ मार्चला आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी साड्या नेसून आज्या पाटीवर अक्षरं गिरवायला लागल्या न घरी नातवंडंच त्यांचा अभ्यास घेतात. आपल्या झेडपी शाळेत असं काही करायचं तर आधी वेळ ठरवा, दुपारी दोन ते चार बेस्ट, घरातलं आवरलेलं असतं.

मग बांधकाम. रस्त्याच्या बाजूला एक खोली न लायब्ररी घ्या, तिला वेगळं गेट ठेवा म्हणजे संध्याकाळी बाहेरची माणसं आली तरी वर्गांना कुलूप राहतं, मुलांच्या सेफ्टीची कटकट नाही. रॅम्प एकास बाराच, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी, कॉन्ट्रॅक्टर हमखास उभा करून ठेवतो मग त्यावरून फक्त पोरं घसरतात! ओटा गुडघ्याएवढा आणि पाठ टेकायला भिंत हवीच, संडासात कमोड न धरायला दांडी.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका कायद्यानेच असतात, प्लॅन फायनल करायच्या आधी त्यांना जागेवर नेऊन चुन्याने आखून दाखवा, कागदावरचा नकाशा बघून सगळे नुसतं हो हो म्हणतात.