रामेश्वरचं बेट एका दिवसात, साध्या बसने

रामेश्वर स्टेशनावर उतरलात की पाच मिनिटांत कुणीतरी गाठतंच आणि सांगतं की धनुष्कोडीला बस जात नाही, गाडीच करावी लागते. हे खरं होतं, पण २०१७ च्या आधी. तेव्हा पक्का रस्ता मुकुंदरायर चत्रम नावाच्या ठिकाणी संपायचा आणि पुढे वाळूतून, पाण्यातून जीप आणि व्हॅन धडपडत जायच्या. आता तिथून थेट बेटाच्या टोकापर्यंत साडेनऊ किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे आणि त्यावरून साधी सरकारी बस जाते. तरीही जुनी माहिती अजून लोक एकमेकांना देतात आणि घरातली म्हातारी माणसं भरून दिवसभराची गाडी ठरवतात. गाडीवाला प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं देतो. धनुष्कोडी पंधरा मिनिटांत बघायची जागा नाही.

मी हे बेट बसनेच फिरत आलो आहे. एकट्याने, आईला घेऊन, मित्रांबरोबर. एका दिवसात सगळं होतं, फक्त क्रम चुकता कामा नये.

पहिली गोष्ट, रामनाथस्वामींचं दर्शन आणि बावीस तीर्थांचं स्नान या दिवसात कोंबू नका. ते आदल्या दिवशी उरका. देऊळ दुपारी बंद असतं, दर्शनाला कोरडे कपडे लागतात, आणि ओल्या धोतरा-साड्यांचं गाठोडं घेऊन बसमध्ये चढणं सहप्रवाशांवर अन्याय आहे. त्या देवळाच्या लांबच लांब ओवऱ्या घाईत बघण्याच्या नाहीतही. तिथले वंशपरंपरागत पुजारी मूळचे महाराष्ट्रातले, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना तिथे गेल्यावरच कळतं.

सकाळी लवकर बसस्टँडवर जा. स्टँड देवळापासून पश्चिमेला साधारण दोन किलोमीटरवर आहे आणि देवळाकडून तिथे टाउन बस जातात. धनुष्कोडीच्या बसचा नंबर ३. पाट्या तमिळमध्ये असतात, पण आकडे आपण वाचतो तेच, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तरी चढताना विचारा: "धनुष्कोडी पोगुमा?" म्हणजे धनुष्कोडीला जाणार का. आणि लगेच दुसरा शब्द, "अरिचलमुनै?" हा दुसरा शब्द विसरू नका. जुनं उद्ध्वस्त गाव म्हणजे धनुष्कोडी आणि जमिनीचं शेवटचं टोक म्हणजे अरिचलमुनै. दोन्हींमध्ये साडेचार किलोमीटर अंतर आहे, आणि दुपारच्या उन्हात ते फार मोठं वाटतं. सुटे पैसे ठेवा. समुद्र दिसावा म्हणून खिडकी धरून बसा, डावी असो वा उजवी. पुढे जमीन इतकी चिंचोळी होते की दोन्हीकडे पाणीच असतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो. धनुष्कोडीला जाणं सोपं आहे. परत येणं अवघड आहे, आणि ते कुणी सांगत नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला जे सुचलं ते कुणालाही सुचेल: आधी थेट टोकापर्यंत जाऊ, मग परतताना वाटेत जुन्या गावात उतरू, अवशेष निवांत बघू आणि मागची बस पकडू. कागदावर यात काहीच चुकीचं दिसत नाही. टोकावर तासभर घालवला, बसने मागे आलो, गावात उतरलो, पडकं चर्च बघितलं, रेल्वे स्टेशनच्या भिंती बघितल्या आणि रस्त्यावर येऊन उभा राहिलो. पहिली बस आली ती दाराच्या पायरीपर्यंत भरलेली. ड्रायव्हरने हात हलवला, थांबला नाही. दुसरी येईपर्यंत बाराचं ऊन डोक्यावर आलं. तीही तशीच भरलेली. बरोबर आई होती, वय पासष्ट. बाटलीतलं पाणी संपलेलं, सावलीला एक झाड नाही, वारा वाळू उडवत होता. शेवटी मासळी घेऊन निघालेल्या एका टेम्पोवाल्याने तिला केबिनमध्ये बसवलं आणि मी मागे टोपल्यांशेजारी उभा राहिलो. त्याने पैसे घेतले नाहीत. आईने पुढे दोन दिवस अंगात कणकण काढली, आणि ते मला अजून लागून राहिलं आहे.

चूक कुठे झाली ते मला तिसऱ्या खेपेला नीट उमगलं. टोकावर रस्ता संपतो. तिथे अशोकस्तंभाचा गोल आहे, त्याला वळसा घालून बस परत फिरते. जी माणसं परतायची असतात ती सगळी तिथेच चढतात, म्हणून बस टोकावरच भरते. वाटेत हात दाखवणाऱ्यासाठी जागा उरतच नाही. जाताना मात्र उलटं घडतं. सकाळच्या बसमधली काही माणसं जुन्या गावात उतरतात, बस हलकी होते, आणि तिथून टोकाकडे जायला उभं राहिलं तर सहसा चढायला मिळतं.

म्हणून नियम एकच: वाटेतलं उतरणं जाताना उरका, परतीची बस टोकावरूनच धरा. आधी गाव, मग टोक. याला अपवाद करू नका. बरोबर लहान मूल किंवा वयस्क माणूस असेल तर अजिबातच नको.

दुसरं, टोकावर पाय ठेवल्या ठेवल्या, समुद्राकडे बघायच्याही आधी, कंडक्टरला विचारा: "कडैसी बस एत्तनै मणिक्कु?" कडैसी म्हणजे शेवटची, एत्तनै मणिक्कु म्हणजे किती वाजता. उत्तर तमिळ आकड्यात आलं तर मनगटावर बोट ठेवून दाखवायला सांगा, सगळे आनंदाने दाखवतात. मग त्या शेवटच्या बसच्या भरवशावर राहू नका, तिच्या निदान दोन बस आधीची धरा. शेवटच्या बसला सगळेच असतात. "धनुष्कोडीचा सूर्यास्त चुकवू नका" असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. अंधार पडायच्या आत पोलीस टोक रिकामं करायला लावतात, त्या तासाला बसभोवती झुंबड उडते, आणि स्वतःची गाडी असलेल्या माणसाने दिलेला तो सल्ला बसने गेलेल्या माणसाच्या काही कामाचा नाही. सूर्योदयाचं बघायचं तर गोष्ट वेगळी, पण पहिल्या बसने तोही साधेल असं धरून चालू नका.

तिसरं, पाणी. माणशी दोन लिटर, आणि ते शहरातूनच न्या. एकनाथ महाराज रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाळवंटात तहानलेल्या गाढवाला पाजतात, ती गोष्ट लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. तिच्यातली वाळू कशी तापलेली असेल ते मला त्या दुपारी रस्त्याकडेला उभं राहून कळलं. टोपी, डोक्याला घट्ट बांधायचा पंचा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. छत्री वाऱ्यात उलटी होते, ती नको.

आता गावाविषयी थोडं, कारण तिथे काय बघतोय ते माहीत नसेल तर नुसत्या विटा दिसतात. १९६४ च्या डिसेंबरात, २२ आणि २३ तारखेच्या दरम्यानच्या रात्री, चक्रीवादळाने हे गाव संपवलं. त्याआधी हे चालतं-बोलतं बंदर होतं. मद्रासहून बोट मेल नावाची रेल्वेगाडी इथल्या धक्क्यापर्यंत यायची, माणसं आगबोटीत बसून श्रीलंकेतल्या तलैमन्नारला उतरायची. त्या रात्री पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडीच्या तोंडाशी आली असताना लाटांनी ती प्रवाशांसकट ओढून नेली. सरकारने पुढे हे गाव राहण्यास अयोग्य ठरवलं. चर्चच्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आहेत, जवळ जाऊन बघा, दगडात जुने जीव दिसतात. हात लावून तुकडे काढू नका. लोक काढतात आणि भिंत दरवर्षी थोडी कमी होते.

कोळ्यांची काही कुटुंबं अजून तिथे झोपड्या घालून राहतात. दोन्हीकडे खारं पाणी असताना वाळूत हातभर खड्डा खणून ती गोडं पाणी काढतात. त्यांच्याकडून तळलेला मासा घ्या. शंख-शिंपल्यांच्या माळांसाठी घासाघीस करू नका.

टोकावर दोन समुद्र दिसतात. उत्तरेचा पाल्कचा उपसागर बहुतेक वेळा शांत असतो, स्थानिक त्याला पेण कडल म्हणजे बाई समुद्र म्हणतात. दक्षिणेचं मन्नारचं आखात खळबळतं, ते आण कडल, पुरुष समुद्र. दोन रंगांमधली रेघ दिसेलच असं मनात धरून जाऊ नका, ती दिवसावर आणि वाऱ्यावर असते. पाण्यात उतरू नका. पाऊलभर पाणी वाटतं आणि खालून ओढ असते. सेतूची वाळू काशीला न्यायची असेल तर मूठभर पुरते, पिशव्या भरू नका.

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली की मन मोहात पडतं, कोदंडरामाच्या देवळासाठी मध्येच उतरावं असं वाटतं. बिभीषण रामाला शरण आला ती ही जागा, आणि १९६४ च्या वादळात ती टिकून राहिली. देऊळ मुख्य रस्त्यापासून आत आहे, चालत जावं लागतं. माझं मत: दहाच्या आत या फाट्यावर पोचत असाल तरच उतरा. तिथून शहर जवळ असल्याने बस नाही मिळाली तरी रिक्षा मिळते, धनुष्कोडीसारखी कोंडी होत नाही. दुपार झाली असेल तर सरळ शहरात या आणि जेवा. देऊळ बघायचंच असेल तर सकाळी जाताना बघा, गावाच्या आधी.

जेवण, तासभर विश्रांती.

दुपारचा भाग सोपा आहे. स्टँडवरून रामनाथपुरमकडे जाणारी साधी बस धरा. जलद बस मधल्या थांब्यांवर थांबेलच असं नाही, कंडक्टरला आधी विचारा. वाटेत पेइकरुंबूला अब्दुल कलामांचं स्मारक आहे. ३० जुलै २०१५ ला त्यांना तिथेच दफन केलं आणि दोन वर्षांनी, २७ जुलै २०१७ ला, स्मारक खुलं झालं. एक तास ठेवा. ज्या मुलाने याच बेटावर वर्तमानपत्रं टाकली त्याची ही जागा आहे, बरोबर शाळकरी मुलं असतील तर घाई करू नका.

पुढची बस पांबनला. गावात उतरून रस्त्याच्या पुलावर चालत जा. हा पूल १९८८ मध्ये खुला झाला. त्याआधी बेटावर यायचं तर १९१४ चा रेल्वेपूल हाच मार्ग होता, आणि जहाजं जावीत म्हणून त्याचा मधला भाग दोन पंखांसारखा उघडायचा. डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरची गाडी कायमची थांबली. नवा रेल्वेपूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला, त्याचा मधला गाळा दोन मनोऱ्यांच्या मधून सरळ वर उचलला जातो. गाडीची वेळ स्टेशनवर आधी बघून आलात तर पुलावरून जाणारी गाडी वरून दिसते. पदपथ अरुंद आहे आणि वारा जोराचा, मुलांचा हात सोडू नका, फोन गळ्यात अडकवा. फोटोसाठी रस्त्यात उतरणाऱ्या माणसांमुळे इथे सतत कर्कश ब्रेक ऐकू येतात.

परतताना रस्ता ओलांडून पूर्वेकडे, म्हणजे रामेश्वरकडे जाणाऱ्या बाजूला उभे राहा. इथे धनुष्कोडीसारखी चिंता नाही. बाहेरून बेटावर येणारी कुठलीही बस असो, मदुराईची असो की रामनाथपुरमची, ती रामेश्वरलाच जाऊन थांबते. हात दाखवा आणि जी थांबेल तिच्यात चढा.